हेनोवेवा आत्याचा वर्ग

आल्बुकर्की
१४ जून १९९८

प्रिय आत्या,

नीट पोचले. खोली विद्यापीठापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. बाबांनी पिकअपमध्ये भरून दिलेलं सगळं सामान तीत मावलं, फक्त घेवड्याचं पोतं तेवढं राहिलं. ते अजून गाडीतच आहे. एका माणसाला एवढा घेवडा किती वर्षं पुरेल, याचा हिशेब बाबा कसा करतात देव जाणे.

वर्ग सुरू झाले. बाकीचे सगळे बावीस-तेवीसचे आणि त्यांच्यात मी एकतीस वर्षांची घोडी. पहिल्याच दिवशी एका मुलीनं मला प्राध्यापक समजून विचारलं, "मॅडम, बाथरूम कुठे आहे?" मीही तोऱ्यात सांगितलं, आणि चुकीचं सांगितलं. आता ती माझ्याच शेजारी बसते आणि रोज त्यावरून मला छळते.

आमचे सर प्रत्येकाला विचारत होते, माध्यमिक शाळेत स्पॅनिशच का शिकवायचंय? कुणी स्पेनमधल्या सेव्हियात सहा महिने राहून आलंय, कुणाला प्रवासाची आवड. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "उत्तरेच्या डोंगरात आमचं गाव आहे, ओहो ओंदो. तिथल्या शाळेत स्पॅनिश शिकवणारी एकच बाई आहे, माझी आत्या. पुढच्या वर्षी ती निवृत्त होतेय आणि तिच्यामागे वर्ग घ्यायला कुणी नाही."

सर हसले. "म्हणजे तुमची नोकरी पदवीच्या आधीच ठरलीय!"

मी म्हटलं, "हो, ठरलीय."

असं म्हणताना किती बरं वाटलं म्हणून सांगू! तो दिवस आठवतो ना? तू दवाखान्यात गुडघा दाखवायला आली होतीस. मी खिडकीमागे औषधांच्या पुड्या बांधत होते. अख्ख्या रांगेसमोर तू म्हणालीस, "ओर्लिंदा, पदवी आहे, जीभ आहे, मग या खिडकीत काय करतेस? जा, एम.ए. कर, शिक्षिका हो, परत ये. माझा वर्ग तुझा." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मागून दोन्या फिलोमेना म्हणाली, "आधी माझ्या गोळ्या दे, मग कुठे जायचं तिथे जा."

तू म्हणालीस म्हणून आले, आत्या. दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं.

तुझी
ओर्ली


ओहो ओंदो
२० सप्टेंबर १९९८

ओर्ली,

तुझी तीन पत्रं आली, मी एकही लिहिलं नाही. रागावू नकोस. पत्र हातात आलं की सवयीनं लाल पेन घेते, आणि दुसरं पान येईपर्यंत मजकूर विसरते. तिसऱ्या पत्रात चार चुका होत्या. विचारलंस तर सांगेन.

सगळ्या गावात मिरच्या भाजल्याचा वास भरलाय. तुझ्या बापानं, आमच्या एल्फेगोनं, मेंढ्या डोंगरावरून खाली आणल्या. आता तो टीव्हीसमोर बसून डब्यातलं खातो, म्हणून मी संध्याकाळी वाडगाभर रस्सा पाठवते. वाडगा परत येतो, पण धुतलेला कधीच नाही.

फोन का घेत नाहीस म्हणून विचारतेस. माझ्या घरात फोन आहे तो माणसं गेल्याच्या बातम्या ऐकायला. बोलायचं असेल ते लिहावं. लिहिताना माणूस विचार तरी करतं.

एक सांगते, दर शनिवारी इकडे धावत येऊ नकोस. मेंढ्या, शेताच्या पाण्याचा पाट, बाप, सगळं जागच्या जागी आहे. तू तिथल्या लोकांत मिसळ. स्पेनची माणसं कशी बोलतात ऐक, मेक्सिकोची कशी बोलतात ऐक. उच्चार घासूनपुसून घे. घाईत बोललीस की आपलं गावठी बोलणं तुझ्या तोंडात येतं. "असं" म्हणायचं तर "आसिना" घरात. वर्गात "आसी". मी आयुष्यभर हे पाळलंय, आणि वर्गाच्या दारात एकदाही चुकले नाही.

मुख्याध्यापक पुढच्या वर्षाचं विचारत होते. बघू म्हटलंय.

थंडीचा कोट घे. तुझा जुना कोट कोट म्हणायच्या लायकीचा नाही.

आत्या


आल्बुकर्की
१९ फेब्रुवारी १९९९

प्रिय आत्या,

नाताळात तुझ्याकडे जेवायला आले तेव्हा तू फारच गप्प होतीस. बाबा म्हणाले निवृत्ती जवळ आली की माणूस असंच होतं. मी फार खोदलं नाही.

आता इकडचं. जानेवारीपासून मी खऱ्याखुऱ्या वर्गासमोर उभी राहते. नववीचा वर्ग, आणि माझ्यावर देखरेखीला मिसेस व्हिटफिल्ड. आडनावावरून वाटत नाही, पण स्पॅनिश अशी बोलतात की ऐकत राहावं. तरुणपणी माद्रिदला शिकल्या. मागच्या बाकावर वही घेऊन बसतात आणि चेहऱ्यावरची माशीही हलू देत नाहीत.

गेल्या मंगळवारी गंमत झाली. मुलं गोंगाट करत होती. मी घाईत म्हणाले, तुमचे तपासलेले पेपर मी आणलेत. आणि "आणले" म्हणताना तोंडातून गेलं "त्रुहे". आपलं घरचं. पुस्तकातलं "त्राहे" आठवेपर्यंत शब्द सुटला होता. यादिरा म्हणून एक चुणचुणीत पोरगी आहे, घर मेक्सिकोतल्या चिवावाचं. ती ओरडलीच, "मिस! माझी पणजी असं म्हणायची! तुमचं वय काय हो?"

सगळा वर्ग हसत सुटला. मी म्हटलं, "चारशे. दिसत नाही ना?"

आणखी हसले. मग मागून एका मुलीनं हळूच विचारलं, "माझी आजी अजून तसंच म्हणते. ते चूक आहे का?" तिचं तोंड बघून माझं हसू गेलं. मी म्हटलं, "चूक नाही, जुनं आहे. चारशे वर्षांपूर्वी आपली माणसं स्पेनहून इथे आली तेव्हा सगळेच असं बोलत. बाकीचे बदलले, आपण डोंगरात राहिलो. परीक्षेत 'त्राहे' लिही. आजीशी 'त्रुहे' बोल. दोन्ही येणारी मुलगी एक येणाऱ्यापेक्षा हुशार."

तास संपल्यावर मिसेस व्हिटफिल्ड जवळ आल्या. मला वाटलं आता खैर नाही. त्या म्हणाल्या, "ओर्लिंदा, हे उत्तर तुला कुणी शिकवलं?"

मी म्हटलं, "माझ्या आत्यानं." घरात एक, वर्गात एक, हे तुझंच ना!

आणि आता खरी बातमी. दोन दिवसांनी इथल्या मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. ऑगस्टपासून इथे एक जागा रिकामी होतेय, मिसेस व्हिटफिल्डनी माझं नाव दिलंय, येशील का? आत्या, मला इतका आनंद झाला की खुर्चीवर नीट बसताही येईना. मग मी त्यांना सांगितलं, सर, आभारी आहे, पण माझा वर्ग गावाला माझी वाट बघतोय.

ते म्हणाले, "विचार कर. अशा जागा दर वर्षी निघत नाहीत."

मी म्हटलं, "विचार केलाय."

तुझी
ओर्ली


ओहो ओंदो
३ मार्च १९९९

ओर्लिंदा,

नाही का म्हणालीस?

पत्र मिळाल्या मिळाल्या त्या माणसाकडे जा आणि हो म्हण. चूक झाली म्हण. तरुण माणसांच्या चुका लोक माफ करतात. शहरातली मोठी शाळा, पाठीशी व्हिटफिल्डबाईंसारखी बाई, याहून आणखी काय हवंय तुला? इथल्या शाळेत मुलं दर वर्षी कमी होताहेत. इथला शाळेचा बोर्ड उद्या काय ठरवेल, कुणी सांगावं? माझ्या शब्दावर एवढी मोठी इमारत उभी करू नकोस.

लगेच जा. मग मला लिही.

आत्या


आल्बुकर्की
११ मार्च १९९९

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून आधी घाबरले, मग हसू आलं. कळलं मला. तुला वाटतंय की मी तुझ्यासाठी, बाबांसाठी मन मारून परत येतेय. तसं नाहीये. मला यायचंच आहे. हे शहर चांगलं आहे, पण सकाळी उठून खिडकी उघडली की समोर दुसरी खिडकी दिसते.

तिकडे हो म्हणायला मी गेले नाही. त्यांनी ती जागा दुसऱ्या मुलीला दिली. माझ्या शेजारी बसते तीच, बाथरूमवाली. तिला मिठी मारून तिचं अभिनंदन मीच केलं.

बोर्डाची काळजी तू करू नकोस. माझा अर्ज मी शाळेत रीतसर पाठवलाय. तुझ्या नात्यातली म्हणून घेतलं, असं कुणी म्हणायला नको. बाबांनी माझी खोली रंगवायला काढलीय. निळा रंग. गावच्या पाटाची सफाई सुरू व्हायच्या आधी दुसरा हात मारणार म्हणत होते.

मुलं कमी असली तर असू देत, आत्या. तू मला शिकवलंस तेव्हा आम्ही तरी कुठे जास्त होतो!

तुझी
ओर्ली


आल्बुकर्की
२५ एप्रिल १९९९

दोन्या हेनोवेवा यांस,

काल सांता फेला भाषा शिकवणाऱ्यांचं संमेलन होतं. मिसेस व्हिटफिल्ड मला घेऊन गेल्या होत्या. जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे एक मुलगी उभी होती. लाल स्कार्फ, हसरी, हातवारे करत बोलणारी. तिनं स्वतःहूनच ओळख करून घेतली. नाव बेगोन्या, स्पेनमधल्या बुर्गोसची. तिकडून इकडे शिक्षक आणतात, त्या योजनेतून आलेली, सध्या दक्षिणेला एका शाळेत आहे.

"आणि तू कुठली?"

"ओहो ओंदो. तुला माहीत नसणार. उत्तरेला, डोंगरात."

तिनं माझा दंडच धरला. "काय सांगतेस! ऑगस्टपासून मी तिथेच येतेय!"

"तिथे कुठे?"

"शाळेत! दोन्या हेनोवेवांच्या जागी. जानेवारीत जाऊन आले ना मी मुलाखतीला. बाई गं, केवढं ते बर्फ! माझी गाडी रुतली, तर त्यांनी मला त्या रात्री घरीच ठेवून घेतलं. मक्याचं रस्सेदार पोसोले करून घातलं. काय हात आहे त्यांचा! तू त्यांना ओळखतेस?"

मी म्हटलं, "ओळखते."

"फार थोर बाई. मुख्याध्यापकांचा विचार गावातलंच कुणीतरी घ्यायचा होता म्हणे. याच अडून बसल्या, की स्पेनचीच बाई हवी. मला म्हणाल्या, आमच्या मुलांच्या कानावर एकदा तरी स्वच्छ स्पॅनिश पडू दे."

स्वच्छ. मी तिला तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. तिला वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून तिनं मोठ्यानं म्हटला.

तिचा काहीच दोष नाही. तिनं मला विचारलं, तिकडे राहायला काय काय लागेल. मी सांगितलं, हिवाळ्यात गाडीत फावडं ठेव आणि लाकूड सप्टेंबरातच भरून घे. मग मी रांग सोडली आणि न जेवताच बाहेर जाऊन गाडीच्या आडोशाला उभी राहिले.

जानेवारीत तुम्ही तिला निवडलंत. फेब्रुवारीत मी तुम्हाला लिहिलं की तुमच्या वर्गासाठी मी इथली नोकरी नाकारली. मार्चात तुम्ही उत्तर दिलंत. त्या उत्तरात बोर्ड होता, मुलांची संख्या होती, मोठी इमारत होती. एक वाक्य तेवढं नव्हतं. "ओर्ली, ती जागा गेली," एवढंच लिहिलं असतंत तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या मुख्याध्यापकांच्या दारात उभी असते.

मुलाखतीलासुद्धा बोलावलं नाहीत मला, माझ्या अर्जाला उत्तरही आलं नाही. नऊ वर्षं गावाला औषधं दिली मी, माझी चौकशीही कुणाला करावीशी वाटली नाही?

मला कारण कळवा. बाबांकडे निरोप देऊ नका. लिहा. लिहिताना माणूस विचार करतं, असं तुम्हीच म्हणता.

ओर्लिंदा


ओहो ओंदो
२ मे १९९९

ओर्ली,

मला परक्या बाईसारखं दोन्या, तुम्ही म्हणू नकोस. दहा शिव्या दे, पण तुम्ही म्हणू नकोस. तुला बोलायला मी शिकवलं, माझ्या या मांडीवर.

लपवलं मी. ते नाकबूल करत नाही. पण का, ते ऐक.

तू त्या खिडकीत बसून वाळत चालली होतीस. नवरा सोडून गेला, त्यानंतर तू कुठे गेलीस? दवाखाना, घर, बाप, मेंढ्या. मी तुला नुसतं म्हटलं असतं, ओर्ली, जा, या दरीतून बाहेर पड आणि परत येऊ नकोस, तर तू उठली असतीस? नसतीस. तुला दरीतून बाहेर काढायला मला दरीचंच आमिष दाखवावं लागलं. मला वाटलं, वर्षभरात तुला शहराची गोडी लागेल, एखादी चांगली शाळा तुला उचलेल, आणि माझा वर्ग तू आपणहून विसरून जाशील. शाळेनं उचललंही. मी हिशेब बरोबर केला होता. तू नाही म्हणशील, एवढंच माझ्या हिशेबात नव्हतं. मग मार्चात खरं लिहायला बसले. चार वेळा कागद फाडला.

आता दुसरं. हेही लिहिते, म्हणजे नंतर दुसऱ्या कुणाकडून ऐकायला नको.

तू शिकवायला हुशार आहेस, मला माहीत आहे. पण तू बोललीस की मला माझी आई ऐकू येते. तेच शब्द, तोच हेल. आईवर माझा जीव होता. पण वर्गात मला ती नको होती. पहिलीत, इंग्रजी शाळेत, स्पॅनिश बोलले म्हणून मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. पुढे कॉलेजात स्पॅनिशच शिकायला गेले, तर तिथे माद्रिदचे एक प्राध्यापक होते. सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "बाई, ही भाषा तुम्ही कुठल्या गोठ्यात शिकलात?" आधी स्पॅनिश बोलले म्हणून शिक्षा, मग आमचं स्पॅनिश बोलले म्हणून हसू. त्या दिवसापासून मी माझ्या जिभेवर पहारा बसवला. तो कधीच उठवला नाही. आपल्या मुलांवर कुणी तसं हसू नये, एवढंच मला हवं होतं. त्यात माझं काय चुकलं?

एल्फेगो माझ्याशी बोलत नाही. पाटाच्या सफाईत माझ्या वाटणीची माती दर वर्षी तो काढायचा. या वर्षी माझ्या हद्दीपाशी आला, फावडं खांद्यावर टाकलं आणि पुढे गेला. सगळ्या गावानं पाहिलं.

तू शहाणी आहेस. दुसरी शाळा मिळेल तुला. पदवीच्या समारंभाला मी येऊ का, ते लिही.

आत्या


आल्बुकर्की
३० मे १९९९

दोन्या हेनोवेवा,

समारंभ झाला. तुम्हाला उत्तर दिलं नाही, तेच उत्तर होतं.

बाबा आले होते. नवी टोपी घालून. आत टोपी काढायची म्हणून ती सगळा वेळ मांडीवर धरून बसले होते. माझं नाव पुकारलं तेव्हा टाळ्या वाजवायला उठले आणि टोपी पुढच्या बाईच्या डोक्यावर पडली. त्या दिवशी मी तेवढंच हसले.

जेवताना ते म्हणाले, "मी तुझी खोली रंगवत होतो तेव्हा तुझी आत्या दारात उभी होती. रंग छान आहे म्हणाली. निळा तुला आवडतो म्हणाली. तिला सगळं माहीत होतं, आणि तिनं मला दुसरा हात मारू दिला." मग त्यांनी ताट न संपवताच बाजूला सारलं. बाबांना रागावलेलं मी पाहिलंय. असं कधी पाहिलं नव्हतं.

तुम्ही दोन कारणं दिलीत. माझ्या भल्यासाठी म्हणता, ते खरं असेल तर दुसऱ्याची गरज नव्हती. आणि दुसरं खरं असेल, तर पहिलं नुसतं पांघरूण आहे. मी दोन्ही पुन्हा पुन्हा वाचली. मला दुसरंच खरं वाटतं.

तुमच्या प्राध्यापकांनी तुमच्याशी केलं तेच तुम्ही माझ्याशी केलंत. त्यांनी निदान तोंडावर केलं.

आणि त्या मुलीला मी वर्गात जे उत्तर दिलं, ते तुमचं आहे असं मी सगळीकडे सांगत फिरले. आता कळलं की ते तुमचं नव्हतंच. तुम्ही तिला चूक आहे असंच सांगितलं असतंत. मग ते माझं होतं. एवढं मात्र या सगळ्यात माझ्या पदरात पडलं.

शहरातल्या जागा भरल्या. मी कारिसोला अर्ज केलाय, दक्षिणेला, खाणीच्या गावात. तिकडे कुणी जायला तयार नसतं म्हणतात.

पुढे पत्र लिहू नका.

ओर्लिंदा


ओहो ओंदो
७ नोव्हेंबर १९९९

ओर्ली,

लिहू नका म्हणालीस, आणि सगळा उन्हाळा मी लिहिलं नाही. गेल्या रविवारी तू बापाला भेटायला आलीस. टपालपेट्यांजवळ मी उभी होते. तू गाडीतून हात केलास. तेवढ्यावर धीर करून लिहायला बसलेय.

एल्फेगोकडून उडत उडत कळतं. दुसऱ्याला सांगतो, मला ऐकू जाईल अशा बेतानं. तुझ्या वर्गात खूप मुलं आहेत म्हणे, आणि खिडक्या नीट लागत नाहीत.

बेगोन्या गुणी मुलगी आहे. मुलांना आवडली. पण ती बोलते तशी मुलंही बोलायला लागली, "स"च्या जागी जिथे तिथे "थ". दोन्या फिलोमेनाच्या नातवानं घरी जेवताना असं बोलायला सुरुवात केली, तर तिनं त्याची जीभ बाहेर काढून पाहिली आणि सरळ दवाखान्यात नेलं. सगळं गाव हसलं. मीही हसले. मग घरी येऊन बसले आणि हसू राहिलं नाही. तो पोरगा आजीला म्हणाला होता, "तू चुकीचं बोलतेस, आमच्या बाईंसारखं बोल." फिलोमेना आता त्याच्याशी इंग्रजीतच बोलते. मोडकंतोडकं.

बेगोन्याची आई आजारी आहे. नाताळात ती घरी जाईल ती परत येणार नाही. जागा रिकामी होतेय. या वेळी मी काहीही लपवत नाही. मुख्याध्यापकांशी बोलले, तुझं नाव मीच घेतलं. ते म्हणाले, जानेवारीपासून आली तरी चालेल.

निळी खोली तशीच आहे. ये, ओर्ली. माझा गुडघा आता बसची पायरी चढू देत नाही, नाहीतर मी स्वतः कारिसोला आले असते.

आत्या


कारिसो
१६ नोव्हेंबर १९९९

दोन्या हेनोवेवा,

तुमचं पत्र पोचलं. मुख्याध्यापकांना मी वेगळं लिहिलंय. मी येणार नाही. जागेसाठी त्यांनी जाहिरात द्यावी, आणि या वेळी गावातल्या कुणाला यायचं असेल तर त्याला निदान आत बसवून दोन प्रश्न विचारावेत, एवढं सुचवलंय.

कारिसोबद्दल बाबा सांगतात ते खरं आहे. खिडक्या लागत नाहीत. वारा सुटला की फळ्यावर धूळ बसते आणि मुलं तिच्यावर बोटानं नावं लिहितात. निम्म्यांच्या घरी स्पॅनिश बोलतात, निम्म्यांच्या घरी ते कधीच बंद झालं. पहिल्या महिन्यात मी रोज घरी येऊन रडत होते. आता रोज नाही.

मला इथे सुख लागलंय असं समजू नका. मिळाली ती नोकरी घेतली. मला हवा होता तो एकच वर्ग होता.

आणि एक गोष्ट तुम्हाला कळायला हवी. पूर्वी मी वर्गात बोलायचे तेव्हा शब्द आपोआप यायचे. चुकीचा आला तर हसायचे, मुलांनाही हसवायचे. आता "आसिना" जिभेवर येतं आणि त्याच्या आधी तुम्ही येता. दारात उभ्या राहता. मी थांबते, दुसरा शब्द शोधते, आणि तोवर मुलं दुसरीकडे बघायला लागतात. तुमच्या जिभेवर पहारा त्या माणसानं बसवला, माझ्यावर तुम्ही बसवलात. माझा मी उठवणार आहे, कितीही वर्षं लागोत. पण तुमच्या वर्गात, तुमच्या फळ्यासमोर उभं राहून तो उठणार नाही. म्हणून येत नाही.

दोन्या फिलोमेनाला सांगा, नातवाशी स्पॅनिशच बोल म्हणावं. माझं नाव घेऊन सांगा. तुमचं सांगून ती ऐकणार नाही.

रविवारच्या हाताबद्दल. आपल्या रस्त्यावर समोर दिसेल त्या प्रत्येकाला आपण हात करतो, ओळखीचा असो की परका. टपालपेट्यांजवळ कुणीतरी उभं दिसलं, म्हणून मी हात केला. गाडी जवळ आली तेव्हा तुम्ही आहात हे दिसलं, आणि मी तो खाली घेतला. काचेवर ऊन होतं. तेवढं तुम्हाला दिसलं नसावं.

ओर्लिंदा